सागरी सफरींचा पाठ किनाऱ्यावरूनही शिकवण्याबाबत मागणीपत्र

प्रति,
शालेय अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके व परीक्षा यांची जबाबदारी असलेले सर्व अधिकारी

विषय : युरोपीय दर्यावर्दी आणि त्या त्या भूमीचे मूळ रहिवासी यांच्या पहिल्या भेटींचा इतिहास इयत्ता तिसरी ते दहावीत शिकवण्याबाबत.

महोदय,

मराठी माध्यमाच्या शाळांत व आश्रमशाळांत इतिहास आणि परिसर अभ्यास शिकवणाऱ्या शिक्षकांची ही संघटना आहे. खालील मागण्या आम्ही प्रथमच करत नाही. प्रशिक्षणवर्गांतील अभिप्राय, पुस्तकांवर मागवलेल्या सूचना आणि लेखी निवेदने या तिन्ही मार्गांनी त्या वेळोवेळी कळवल्या आहेत. पोच मिळाली, उत्तर आले नाही. म्हणून आता सर्व मागण्या कारणे, खर्च आणि मुदत यांसह एकत्र देत आहोत.

१२ ऑक्टोबर १४९२ च्या पहाटे कोलंबसाच्या जहाजांना बहामा बेटांतले एक बेट दिसले. आमच्या विद्यार्थ्यांना त्या तिन्ही जहाजांची नावे घडाघडा येतात. किनाऱ्यावर माणसे उभी होती. ती लुकायन होती, कॅरिबियन बेटांवरच्या तैनो लोकांपैकी. त्यांच्या बेटाला ते ग्वानाहानी म्हणत. कोलंबसाने त्याला सान साल्वादोर हे नाव दिले. जहाजांची नावे पाठ असलेल्या मुलांना त्या बेटाचे आणि त्या माणसांचे नाव विचारले तर वर्गात एकही हात वर होत नाही. दोष मुलांचा नाही. ती नावे आम्हीच कधी फळ्यावर लिहिलेली नाहीत, कारण ती शिकवण्यासाठी आमच्या हाती काही दिलेले नाही.

हा प्रश्न दूरदेशीचा आहे असे समजू नये. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात १ कोटी ५ लाखांहून अधिक आदिवासी आहेत, म्हणजे दर शंभरांत नऊहून जास्त. भिल्ल, वारली, कोरकू, गोंड, कातकरी मुले आमच्या वर्गांत बसून हा पाठ वाचतात. बाहेरून कोणी येईपर्यंत तिथल्या लोकांना इतिहासच नव्हता, हे त्या मुलांच्या मनावर आम्हीच बिंबवतो. शिक्षक म्हणून यापुढे ते करण्यास आम्ही तयार नाही.

१. ‘शोध’ या शब्दाबाबत

मराठीत ‘शोध’ या एका शब्दाला आपण बरीच कामे लावली आहेत. हरवलेल्या गुराचा शोध घेतात, विजेच्या दिव्याचा शोध लागतो आणि अमेरिकेचाही शोध लागतो. हरवलेले जनावर आधीपासून कुठेतरी असते, दिवा नव्याने घडतो. अमेरिका दिव्याच्या रांगेत कशी जाऊन बसली हा प्रश्न मुलाला पडतच नाही, कारण ‘जोड्या लावा’मध्ये एडिसनसमोर दिवा असतो आणि कोलंबससमोर अमेरिका. दोन्हींना एकेक गुण.

मागणी : घटकाचे नाव ‘भौगोलिक शोध’ऐवजी ‘सागरी सफरी आणि पहिल्या भेटी’ असे करावे. ‘कोलंबसने अमेरिकेचा शोध लावला’ या वाक्याच्या जागी ‘कोलंबस १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवर पोहोचला’ असे साधे, खरे वाक्य यावे. ‘नवे जग’ हा शब्दप्रयोग आलाच, तर तो युरोपीयांचा आहे हे त्याच ओळीत सांगावे.

यात दर्यावर्दींचे श्रेय हिरावून घेण्याचा हेतू नाही. युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून भारतापर्यंतचा सलग जलप्रवास वास्को द गामाच्या ताफ्याने प्रथम केला, हे खरे आहे आणि ते तसेच शिकवावे. मालिंदीपासून पुढची वाट मात्र हिंदी महासागरातल्या व्यापाऱ्यांची पिढ्यानपिढ्यांची होती, आणि गामाला ती तिथे मिळालेल्या जाणत्या वाटाड्याने दाखवली. हे वाक्यही त्याच परिच्छेदात असले पाहिजे.

हा बदल पुढच्या पुनर्मुद्रणात करता येतो. त्याला खर्च नाही आणि समितीही लागत नाही.

२. नावांबाबत

‘रेड इंडियन’ हा शब्द मराठी पुस्तकांत, गोष्टींत आणि शिक्षकांच्या तोंडी अजून सर्रास आहे. ते लोक लाल नव्हते, इंडियन तर नव्हतेच. कोलंबसाला आपण आशियाच्या बेटांवर, ‘इंडीज’मध्ये आलो असे वाटले, आणि त्या समजुतीतून आपल्या देशाचे नाव दुसऱ्याच लोकांना चिकटले. क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडी असलेले ‘वेस्ट इंडीज’ हे नावही त्याच चुकीचे अपत्य आहे. जगाने ही चूक केली, त्यात आपला इलाज नव्हता. ती मराठीत जपून ठेवायची की नाही, हे ठरवणे आपल्या हातात आहे. उत्तर अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांना ‘तू कोणता इंडियन?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. निदान त्यांच्या आजोळच्या पुस्तकांनी तरी हा गोंधळ वाढवू नये.

मागणी : (अ) ‘रेड इंडियन’ हा शब्द सर्व पाठ्यपुस्तके, पूरक पुस्तके व प्रश्नपेढ्यांतून काढावा. (आ) प्रत्येक लोकसमूहाचा उल्लेख आधी त्याच्या स्वतःच्या नावाने व्हावा : तैनो, तुपिनिकीं, खोईखोई, माओरी, ग्वीगल. एकत्रित उल्लेख करायचा असेल तेव्हा ‘अमेरिकेतील मूळ रहिवासी’ किंवा ‘ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवासी’ असे लिहावे. (इ) या घटकातील प्रत्येक नकाशावर स्थळाचे जुने व नवे अशी दोन्ही नावे असावीत. (ई) अशा ४० नावांचे उच्चार देवनागरीत देणारे एक पान शिक्षक हस्तपुस्तिकेत जोडावे. आम्हाला उच्चार माहीत नसतात म्हणून आम्ही नाव टाळतो, हे आम्ही मान्य करतो.

‘आदिवासी’ हा शब्द टाळावा असे आमचे म्हणणे नाही. दरवर्षी ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनी नंदुरबारपासून पालघरपर्यंत लोक तो अभिमानाने मिरवतात. तो ज्यांचा आहे त्यांच्याकडून काढून घेण्याचा अधिकार आम्हालाही नाही. आक्षेप आहे तो नावगाव न सांगता जगभरच्या हजारो समाजांना एकाच शब्दात कोंबण्याला.

नावांची गोडी लागावी यासाठी लहान वर्गांत एक सोपी वाट उपलब्ध आहे, आणि ती स्वयंपाकघरातून जाते. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आला. मुळात तो तैनो आहे आणि तैनो लोक तो रताळ्यासाठी वापरत. कोकण-गोव्याचा ‘काजू’ आणि त्याच्या शेजारचा ‘अननस’ हे दोन्ही ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी भाषेतले. ‘टोमॅटो’ आणि ‘चिकू’ मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतून फिरत फिरत आले. मिरची आणि भुईमुगाचे मूळही अमेरिका खंडांतच आहे. तिसरीतल्या मुलाला डब्यातल्या भाजीपासून हे सांगता येते. ज्या लोकांचे शब्द आपण रोज जेवताना वापरतो ते कोण होते, असे ते मूल आपणहून विचारते. जमैका, क्यूबा आणि हैती ही नावेही तैनोच आहेत हे कळल्यावर जगाचा नकाशा त्याला वेगळा दिसू लागतो.

मागणी : इयत्ता तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासात ‘अन्नाचा प्रवास’ अशा एका पाठात हा भाग यावा. एक पाठ, दोन तासिका.

३. साधनांबाबत

आमच्या मते हे मागणीपत्राचे हृदय आहे.

पहिल्या भेटींची बहुतेक लेखी साधने युरोपीयांची आहेत. म्हणून किनाऱ्यावरची बाजू शिकवताच येत नाही, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले जाते. हे खरे नाही. त्याच कागदांतून, नीट वाचले तर, समोरची माणसे बोलताना ऐकू येतात. ते वाचन शिकवणे म्हणजेच इतिहास शिकवणे. त्यासाठी आमच्याजवळ मराठीत एकही उतारा नाही.

चार उदाहरणे देतो.

डिसेंबर १४९७ मध्ये गामाचा ताफा दक्षिण आफ्रिकेच्या एका उपसागरात, आजच्या मोसेल बे येथे थांबला होता. ताफ्यातल्याच एकाने लिहिलेल्या रोजनिशीत नोंद आहे की तिथले लोक बासऱ्या वाजवत, नाचत आले, आणि जहाजावरच्या लोकांनीही कर्णे वाजवून नाच केला. मग पाण्यावरून बिनसले. पोर्तुगीजांनी तिथे एक स्तंभ आणि क्रूस उभारला. ताफा निघत असतानाच दहा-बारा जणांनी येऊन दोन्ही पाडले. आपल्या जमिनीवर परक्याने रोवलेल्या खांबाचा अर्थ त्या माणसांना कळला होता की नाही? सहावीतल्या मुलांना हा प्रश्न दिला की वर्ग जागा होतो.

त्याच रोजनिशीत कालिकतचा प्रसंग आहे. मे १४९८ मध्ये तिथे पोहोचल्यावर गामाने सामुद्री राजासाठी बारा पट्टेदार कापडे, चार किरमिजी टोप्या, सहा हॅट, पोवळ्यांच्या चार माळा, हात धुण्याची सहा भांडी, साखरेची एक पेटी आणि तेल व मधाची दोन-दोन पिंपे मांडली. राजाची माणसे हसली. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून जास्त देतो, असे त्यांनी सुनावले. इथे किनाऱ्यावर आपण आहोत. मूल आपोआप त्या बाजूला उभे राहते, आणि मग ग्वानाहानीच्या किनाऱ्यावर उभे राहणेही त्याला जमते. हा प्रसंग आधी शिकवून मग अमेरिकेकडे जावे, अशी आमची शिफारस आहे. कालक्रम उलटतो, पण समज वाढते.

तिसरे उदाहरण ब्राझीलचे. २२ एप्रिल १५०० रोजी काब्रालच्या ताफ्याला ब्राझीलची भूमी दिसली. हाच ताफा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कालिकतला आला, म्हणजे तुपिनिकीं लोकांची आणि मलबारची गाठ एकाच सफरीत पडली. ताफ्यावरच्या पेरो वाझ द कामिन्याने १ मे रोजी राजाला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. जहाजावर आणलेल्या तिथल्या दोघांना मेंढी दाखवली, त्यांनी लक्ष दिले नाही. कोंबडी दाखवली तर ते जवळजवळ घाबरलेच. त्यांच्यापैकी एकाने कप्तानाच्या गळ्यातल्या सोन्याच्या साखळीकडे पाहून जमिनीकडे हात केला, तेव्हा तिथे सोने आहे असा अर्थ ताफ्याने काढला. आपल्याला तसे हवे होते म्हणून आपण तसा अर्थ घेतला, असे कामिन्याच प्रामाणिकपणे कबूल करतो. भाषा येत नसताना खुणांचा अर्थ कोण लावतो आणि कोणाच्या सोयीने, हे शिकवायला याहून चांगला उतारा आम्हाला माहीत नाही.

चौथे कॅनडाचे. जुलै १५३४ मध्ये जाक कार्तिएने गास्पे येथे तीस फुटी क्रूस उभारला. तिथे आलेल्या लोकांचा नायक डोनाकोना होडीतून आला, क्रूसाकडे बोट दाखवून त्याने भोवतालची सारी भूमी आपली असल्याचे खुणांनी बजावले. तो क्रूस केवळ खुणेसाठी आहे, असे त्याला सांगण्यात आले. कार्तिए निघाला तेव्हा डोनाकोनाचे दोन मुलगे त्याच्या जहाजावर होते. हे सारे कार्तिएच्याच वृत्तांतात आहे. कार्तिएच्या पुढच्या सफरीत, १५३५-३६ च्या हिवाळ्यात, स्कर्व्हीने त्याची माणसे मरू लागली, तेव्हा झाडाच्या सालीचा काढा दाखवून त्यांना वाचवले ते त्याच मुलांपैकी एकाने, दोमागायाने.

किनाऱ्याच्या बाजूने लिहिलेले साधनही आहे. मेक्सिकोत बेर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन साधूने नाहुआ जाणत्यांकडून माहिती घेऊन, त्यांच्याच भाषेत आणि स्पॅनिशमध्ये, बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा बारावा खंड स्पॅनिश विजयाचा आहे. उलट कोलंबसाची मूळ रोजनिशी हरवली आहे. आपण वाचतो तो बार्तोलोमे दे लास कासासने केलेला संक्षेप. हेही मुलांना सांगितले पाहिजे.

मागणी : अशा १२ उताऱ्यांची, प्रत्येकी १५० शब्दांच्या आत, ४८ पानांची एक मराठी पुस्तिका काढावी. प्रत्येक उताऱ्याखाली तीनच प्रश्न असावेत : कोण लिहितो आहे, कोणासाठी लिहितो आहे, आणि समोरचा माणूस काय म्हणाला असेल. मूळ साधने चार-पाच शतकांपूर्वीची असल्याने त्यांच्यावर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. भाषांतर मात्र नव्याने करून घ्यावे. छपाई एकरंगी चालेल. प्रत्येक शाळेला दोन प्रती पुरतील, बाकी संगणकीय प्रत सर्वांसाठी खुली ठेवावी. आश्रमशाळांसाठी यातल्या चार उताऱ्यांची गोंडी, भिली, कोरकू आणि वारली रूपांतरे करावीत, आणि ती करणाऱ्यांना योग्य मानधन द्यावे.

४. हिंसा, आजार आणि वय

खरे सांगितले तर मुले घाबरतील, अशी भीती आम्हाला दाखवली जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ ने मुलाला भय आणि ताणापासून मुक्त ठेवण्याचे बंधन घातले आहे आणि ते आम्हाला मान्य आहे. पण त्याच कलमात राज्यघटनेच्या मूल्यांशी सुसंगत अभ्यासक्रमाची अटही आहे. एका अटीच्या आडून दुसरी मोडता येणार नाही.

मागणी : आशयाची पायरी लेखी ठरवून द्यावी. तिसरी ते पाचवी : नावे, अन्न, पाहुणा येणे, भाषा न कळणे. सहावी-सातवी : गैरसमज, देवघेव, रोवलेले खांब, पळवून नेलेली माणसे. आठवी ते दहावी : गुलामी, रोगराई, भूमी बळकावणे आणि त्याला झालेला विरोध.

आठवीपासून मुलांना हे आकडे कळलेच पाहिजेत. १४९५ मध्ये सुमारे ५५० तैनोंना जहाजांत भरून स्पेनकडे पाठवण्यात आले, त्यातले सुमारे २०० वाटेतच मेले. १५१८ च्या अखेरीस हिस्पानिओला बेटावर देवीची साथ पोहोचली, १५२० मध्ये ती मेक्सिकोच्या राजधानीत शिरली. ज्यांच्या शरीराला त्या रोगाची कधीच ओळख नव्हती त्यांच्यात तिने काय केले असेल, हे कोरोनाची साथ पाहिलेल्या मुलांना फार समजावून सांगावे लागत नाही.

यासोबत दोन अटी आम्ही स्वतःहून घालतो. पहिली : हा पाठ कोणत्याही धर्माविरुद्ध वापरला जाऊ नये. वसईतल्या, गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती मुलांकडे वर्गाने वळून पाहावे असा एकही शब्द त्यात नसावा. १५११ च्या डिसेंबरमध्ये सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये मोंतेसिनोस या साधूने स्पॅनिश वसाहतवाल्यांना तोंडावर जाब विचारला होता, आणि लास कासासने पुढचे आयुष्य याच कामात घालवले. ही नावे पाठात असावीत. दुसरी : मूळ रहिवाशांना फक्त मरणारी माणसे म्हणून दाखवू नये. कोलंबसाच्या मोडलेल्या सांता मारिया जहाजावरचा माल १४९२ च्या नाताळात किनाऱ्यावर उतरवून देणारा तैनो नायक ग्वाकानागारी आणि पॅसिफिकची बेटे तोंडपाठ असलेला राइआतेआचा तुपाइया ही कर्ती माणसे होती. हे समाज आजही आहेत. माओरी भाषा १९८७ पासून न्यूझीलंडची अधिकृत भाषा आहे. पाठाचा शेवटचा परिच्छेद वर्तमानकाळात असावा.

५. अंदमानाबाबत

अंदमान म्हटले की आमच्या मुलांना कोठडी, कोलू आणि काळे पाणी आठवते. आठवावेच. तिथल्या तुरुंगात मराठी माणसांनी वर्षानुवर्षे काढली. पण ती बेटे कोणाची होती, हे शंभरांतल्या एखाद्यालाच ठाऊक असते. १८५८ मध्ये ब्रिटिशांनी तिथे कैद्यांची वसाहत वसवली आणि पुढच्याच वर्षी ग्रेट अंदमानी लोकांनी तिच्यावर हल्ला केला. १८८० मध्ये मॉरिस पोर्टमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने उत्तर सेंटिनेल बेटावरून एक वयस्क जोडपे आणि चार मुले उचलून आणली. दोघे मोठे आजारी पडून मेले. मुलांना भेटवस्तू देऊन बेटावर परत सोडण्यात आले. जानेवारी १९९१ मध्ये भारतीय मानववंशशास्त्रज्ञांच्या तुकडीच्या हातून त्या बेटावरच्या लोकांनी नारळ घेतले, आणि नंतर अशा भेटी थांबवण्यात आल्या. १९५६ चा कायदा तिथे जाण्यास मनाई करतो. त्या लोकांनी नाही म्हटले, आणि भारताने ते ऐकले.

मागणी : स्वातंत्र्यलढ्यातील अंदमानाच्या पाठालाच ३०० शब्दांची चौकट जोडावी. नवा घटक नको.

६. स्नेहसंमेलने व वेशभूषा स्पर्धा

अंगाला काळा रंग फासून, कमरेला पाने गुंडाळून, डोक्यात पिसे खोचून अर्थहीन आरोळ्या ठोकणारा ‘आदिवासी नाच’ आजही अनेक संमेलनांत होतो. समोर सतरंजीवर वारली मूल बसलेले असते. त्याच्या आजोबांच्या तारप्याला त्या नाचात जागा नसते. आमच्यापैकी काहींनी स्वतः असे नाच बसवले आहेत. त्याची जबाबदारी आम्ही घेतो.

मागणी : कोणत्याही समाजाची अशी नक्कल शाळेच्या कार्यक्रमात होणार नाही, असे एका पानाचे परिपत्रक काढावे. जिथे खरा तारपा, ढोल किंवा गुसाडी नृत्य सादर करायचे असेल, तिथे ते जाणणाऱ्यांना बोलावून, मानधन देऊन करावे.

७. परीक्षेबाबत

परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकवले जाते. ‘अमेरिकेचा शोध कोणी लावला?’ हा प्रश्न घटक चाचणीत राहिला, तर वरच्या सगळ्या मागण्या कागदावरच राहतील आणि गाईडवाले जुनेच उत्तर छापत राहतील.

मागणी : हा प्रश्न प्रश्नपेढ्यांतून ताबडतोब काढावा. या घटकावरील गुणांपैकी निम्मे गुण उतारा वाचून उत्तर देण्याला असावेत. नमुन्यादाखल : कार्तिएचा क्रूस ‘केवळ खुणेसाठी’ होता का, हे डोनाकोनाच्या वर्तनावरून सकारण लिहा. (४ गुण) उत्तरपत्रिका तपासताना हो किंवा नाही याला नव्हे, दिलेल्या कारणाला गुण द्यावेत.

८. वेळ, प्रशिक्षण आणि शिक्षकाचे संरक्षण

आठवीत हा भाग सध्या एक-दोन तासिकांत उरकावा लागतो. आम्ही सहा तासिका मागतो. ३५ मिनिटांच्या हिशेबाने ते साडेतीन तास होतात. कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन ठरवले आहे, त्यात साडेतीन तास जड नाहीत. ते राजांची आणि सनावळ्यांची यादी कमी करून काढता येतील. कोणते तपशील गाळावेत याची यादी आम्ही देऊ.

प्रशिक्षण केंद्रस्तरीय शिक्षण परिषदांमध्येच व्हावे, वर्षातून दोन सत्रे. सुट्टीतले वेगळे शिबिर नको. निवडणूक, सर्वेक्षण आणि पोषण आहाराच्या नोंदी यांतून उरलेला शिक्षकाचा वेळ आणखी घेतला जाऊ नये.

‘पुस्तकात नाही ते का शिकवले?’ अशी लेखी विचारणा आमच्या काही सभासदांना झाली आहे. मागणी : मान्य पुस्तिकेतील आशय शिकवणाऱ्या शिक्षकावर त्या कारणाने कारवाई होणार नाही, असे शासन निर्णयातच नमूद करावे. पालकांचे आक्षेप आल्यास ते आधी शाळा व्यवस्थापन समितीसमोर यावेत आणि शिक्षकाची बाजू ऐकल्याशिवाय निर्णय होऊ नये.

हे शक्य आहे का

इतरत्र झाले आहे. न्यूझीलंडमध्ये २०२३ पासून देशाचा स्वतःचा इतिहास, माओरी बाजूसह, शाळांना सक्तीने शिकवण्यास सांगण्यात आले. त्याआधी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकच्या माणसांनी १७६९ साली गिसबर्नच्या किनाऱ्यावर मारलेल्या तेथील लोकांबद्दल ब्रिटिश उच्चायुक्तांनी त्यांच्या वंशजांसमोर खेद व्यक्त केला होता. कॅनडाच्या सत्य व समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यांतली बासष्टावी शालेय अभ्यासक्रमाबद्दल आहे आणि तो मूळ रहिवाशांसोबत बसून तयार करावा असे ती सांगते. मूळ रहिवाशांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा १३ सप्टेंबर २००७ रोजी मंजूर झाला, त्याच्या बाजूने भारताने मत दिले आहे. या समाजांच्या संस्कृतीची आणि इतिहासाची प्रतिष्ठा शिक्षणात दिसली पाहिजे, असे त्यातला पंधरावा अनुच्छेद म्हणतो. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकननेही, युरोपीयांनी ‘शोधलेली’ भूमी त्यांचीच होते असे मानणाऱ्या ‘शोधाच्या सिद्धान्ता’चा लेखी त्याग केला. तो शब्द व्हॅटिकनने सोडला आणि आमच्या प्रश्नपेढीत तो राहिला, हे टिकणारे नाही.

अंमलबजावणी आणि मुदत

नऊ जणांची समिती नेमावी : आदिवासी समाजातील शिक्षक किंवा अभ्यासक तीन, प्रत्यक्ष वर्गात शिकवणारे शिक्षक दोन (पैकी एक आश्रमशाळेतील), इतिहास संशोधक दोन, बालमानसतज्ज्ञ एक, भाषा संपादक एक. आदिवासी सदस्यांपैकी किमान दोघे हजर असल्याशिवाय कोणताही निर्णय होऊ नये.

या पत्राचे लेखी उत्तर ३० दिवसांत मिळावे. समिती ६० दिवसांत नेमावी. पुस्तिकेचा मसुदा त्यानंतर सहा महिन्यांत यावा आणि नंदुरबार, नाशिक, पालघर, रायगड, पुणे, सिंधुदुर्ग, अमरावती व गडचिरोली या आठ जिल्ह्यांत प्रत्येकी पाच, अशा ४० शाळांत तो पडताळून पाहावा. त्यापुढच्या जूनपासून तो सर्वत्र लागू व्हावा. पडताळणीचे काम आमचे सभासद जादा मानधन न घेता करतील.

मागणी क्रमांक १, ६ आणि ७ यांना समितीची वाट पाहण्याचे कारण नाही. त्या चालू सत्रातच पूर्ण व्हाव्यात.

३० दिवसांत उत्तर न आल्यास आमचे सभासद या घटकातील ‘शोध’विषयक प्रश्न चाचण्यांत काढणार नाहीत, आणि त्या जागी मागणी ७ मधील नमुन्यासारखे प्रश्न देतील. अध्यापन एक दिवसही बंद राहणार नाही.

चर्चेसाठी संघटनेचे पाच प्रतिनिधी, ज्यांत दोन आश्रमशाळा शिक्षक असतील, कोणत्याही कामकाजाच्या दिवशी येण्यास तयार आहेत. बैठकीचे इतिवृत्त दोन्ही बाजूंच्या सहीने व्हावे.

आपले,
अध्यक्ष व सरचिटणीस,
सर्व सभासदांच्या वतीने

सोबत : १) सुचवलेल्या १२ उताऱ्यांची यादी. २) ४० नावांचे उच्चार. ३) आठवीच्या घटकातून गाळता येतील अशा तपशिलांची यादी. ४) आधीच्या निवेदनांच्या पोचपावत्यांच्या प्रती.